वरातीपुढचा श्वास

वरातीमागे अडकलेल्या तुमच्या गाडीचा धूर कोण पितं, हे तुम्हाला माहीत आहे का?

मला माहीत आहे. त्या माणसाच्या शेजारी मी लहानाची मोठी झाले. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झुपके, बगलेत टोपी, हातात काळं क्लॅरिनेट. नवरदेव घोड्यावर बसला, पोरं नाचायला मोकळी झाली, ढोलवाल्याने टिपरू उचललं की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचे. ते मात्र मान वर करून उभे असायचे. नाकपुड्या फुलवून हवा ओढायचे, डोळे बारीक करायचे. शेजारच्या घरात दूध उतू गेलं की करपलं, हे ओट्यावर उभं राहून ओळखणाऱ्या बाईसारखे. मग मागे न बघताच हात हलवायचे.

"इथं नाय. पुढं."

आणि अख्खी वरात, घोड्यासकट, पुढे सरकायची.

ते बँडमास्तर. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मीही मास्तरच म्हणायचे. पैठण गेटाजवळच्या गल्लीत आमचा छापखाना आणि त्यांच्या बँडचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती. भिंतीच्या अलीकडे बाबांच्या मशीनची खटखट, पलीकडे मास्तरांचा सराव. आमच्या मशीनवर सकाळी लग्नपत्रिका निघायच्या आणि दुपारी मोर्चाची पत्रकं. पाण्यासाठी, पगारासाठी, रेशनसाठी. बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी शाळेचा अभ्यास केला आणि कंटाळा आला की पान उलटून छापील बाजू वाचली. राग कसा करायचा हे मी ठळक टाइपात शिकले.

मास्तर चहाच्या वेळी आमच्या पायरीवर येऊन बसायचे.

"काय पत्रकवाली, आज कुणाचा निषेध?"

"सगळ्यांचा."

"मग बरं झालं. कुणी रुसायचं नाय."

ते फर्दापूरच्या बाजूचे. घरी शेती, भावकी मोठी, सगळे कामाला वाघ. "आमच्यात सगळे नांगर धरणारे, मीच एक नळी धरणारा," असं ते स्वतःच सांगायचे. गावच्या जत्रेत एकदा शहरातला बँड आला होता, त्याच्या मागे मागे हे शिवेपर्यंत चालत गेले आणि तिथून पुढे मनाने परत आलेच नाहीत. वडील म्हणाले, शेतकऱ्याच्या पोरानं लोकांच्या लग्नात तोंड फुगवायचं, हे बरं दिसतं का. हे म्हणाले, बरं ऐकू येतं.

दम कुठून आला, असं कुणी विचारलं की मास्तर गावच्या विहिरीचं नाव सांगायचे. लहानपणी ते विहिरीत बुडी मारून तळाशी बसायचे. "आई काठावर उभी राहून रडायला लागायची. तिचं रडणं पाण्यात ऐकू आलं की मग मी वर यायचो. तोवर नाय."

त्या दमाचं सोनं व्हायचं ते मांडवाच्या दारात. नवरदेव घोड्यावरून उतरला की मास्तर ढोलताशे थांबवायचे आणि एकच सूर धरायचे. नुसता एक सूर. तो आधी जमिनीलगत चालायचा, मग वर चढायचा, बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या साड्यांपर्यंत जायचा आणि तिथे ताणून उभा राहायचा. म्हाताऱ्या बायका आपलाही श्वास धरून उभ्या राहायच्या. मी छापखान्याच्या पायरीवरून त्यांच्या सरावाशी शर्यत लावायचे. गाल फुगवून, तोंड लाल करून. मी हरून धापा टाकायला लागले तरी भिंतीपलीकडे सूर आपला चालूच.

म्हणून तर हवेची एवढी चौकशी. ज्याला एका सुरासाठी छाती गळ्यापर्यंत भरायची आहे, तो काय भरतोय हे बघणारच. तुम्हीआम्ही श्वास घेतो तेव्हा आपलं लक्ष नसतं. मास्तरांचं असायचं. विहिरीवर पाणी भरायला गेलेला माणूस आधी डोकावून बघतो, तसं.

क्रांती चौकातली एक संध्याकाळ मला आठवते. मी कॉलेजातून येत होते आणि वरात चौकाच्या तोंडाशी आली होती. चारी बाजूंनी गाड्या, रिक्षा, मधूनच घुसणाऱ्या दुचाकी. नवरदेवाच्या मित्रांना नेमकं तिथेच नाचायचं होतं.

"मास्तर, इथंच लावा. व्हिडिओ काढायचाय."

मास्तरांनी नाक वर केलं. "इथं नाय. पुढं."

"अहो, पुढं काय सोनं लागलंय?"

"पुढं कडुनिंब लागलाय."

पोरं हसली, एकाने नाक वर करून, हवा हुंगत मास्तरांची नक्कल केली. पण सरकली. कडुनिंबाखाली मास्तरांनी असं काही वाजवलं की नक्कल करणारा पोरगा व्हिडिओ काढायचं विसरला.

मास्तर शहाणे होते असं मात्र समजू नका. धुरावर गूळ हे औषध आहे, यावर त्यांचा अढळ विश्वास होता. वरात निघायच्या आधी ते कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढायचे आणि सगळ्या बँडला वाटायचे. झांजवाल्याला मधुमेह होता, त्यालाही. मी सांगितलं, गुळाने छातीतलं काही निघत नाही. ते म्हणाले, "तुझ्या पत्रकानं तरी काय निघालं?" मिशीला काळा रंग लावायचे आणि तो घामाने ओघळला की म्हणायचे, बघ, किती धूर बसलाय तोंडावर.

पण रुमाल खोटं बोलत नव्हता. वरातीहून परत आले की ते नळावर तोंड धुवायचे आणि पांढऱ्या रुमालाने नाक पुसायचे. काळा झालेला तो रुमाल ते घडी करून पटकन खिशात घालायचे. मी तो बघायचे, आणि मी बघितला हे त्यांनाही कळायचं.

शहर केवढं वाढलं हे मास्तर वरातींनी मोजायचे. "आधी हर्सूलला वरात न्यायची म्हणजे मधी दम खायला मोकळं रान असायचं. तिथं आम्ही पाणी प्यायचो. म्हशी वर बघून ऐकायच्या. आता म्हशी गेल्या, फ्लॅट आले. फ्लॅटवाले ऐकत नाय, खिडकी लावून घेतात." खिडकी लावणाऱ्यांचा तरी काय दोष. बाहेर रस्ता उकरलेला, शेजारी नवी इमारत चढत असलेली, सिमेंटची पूड आणि माती वाऱ्यावर, आणि प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाची एक गाडी. हिवाळ्यात सकाळी कुणीतरी कोपऱ्यावरचा कचरा पेटवलेला असतोच. तो धूर वर जात नाही, गल्लीतच फिरतो. तुम्हीही पाहिला असेल. पाहून पुढे गेला असाल.

या सगळ्यावर मी एकदा पत्रक लिहिलं. रागाने लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, 'या शहरात माणसं फार झाली आहेत.' प्रूफ वाळत असताना मास्तर चहा घेऊन आले आणि चष्मा लावून वाचत उभे राहिले.

"यातून मला काढ," ते म्हणाले.

"तुमचं नाव कुठे आहे यात?"

"फार झाली त्यात मी नाय व्हय? मी पण आलोच की फर्दापूरहून एक ट्रंक घेऊन. माझ्यामागून जे आले त्यांना काय सांगू, दार लावलं म्हणून?"

"मग धूर काय आभाळातून पडतो का, मास्तर? माणसं वाढली म्हणूनच गाड्या वाढल्या ना."

"माणूस वाढला म्हणून वरात वाढते. बँड चालतो. तुझ्या बाबाच्या पत्रिका छापल्या जातात." ते पायरीवर बसले. "कामाला जाणाऱ्याला वेळेवर बस मिळाली तर तो कशाला गाडी घेईल? हप्ता भरायची हौस हाय का त्याला?"

बाबा मशीनमागून म्हणाले, "दोघं भांडा, पण कागद वाया घालवू नका."

मी वाक्य बदललं. 'या शहरात माणसांसाठी बस कमी आणि गाड्यांसाठी रस्ता जास्त झाला आहे.' अजूनही मला वाटतं, गर्दीचं ओझं हवेवर पडतंच, मास्तर ते मान्य करोत न करोत. पण माणसाला बोट दाखवणारं वाक्य मी तेव्हापासून लिहिलेलं नाही.

मास्तरांना एकच मुलगी, अश्विनी. आई लवकर गेली, त्यामुळे ती ढोलांच्या आणि पितळी भोंग्यांच्या मध्येच वाढली. माझ्याच वयाची. तिने तंत्रनिकेतन केलं आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली. वरातीत दिव्यांसाठी हातगाडीवर जनरेटर असतो, तो तिला बघवायचा नाही. पूर्वी बायका डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालायच्या. मग विजेचे झुंबर आले आणि त्यांच्यासाठी हे डिझेलचं धूड आलं. सगळा बँड त्याच्या दोन हात पुढे चालायचा.

"बापू, तुम्ही स्वतःच्या मागे चूल पेटवून फिरता," ती म्हणायची.

सुट्टीच्या दिवशी तिने दुकानासमोर ती हातगाडी उघडली, जनरेटर उतरवला आणि बॅटऱ्या बसवल्या. गल्ली जमली होती. कुणी म्हणालं फुटेल, कुणी म्हणालं शॉक बसेल. संध्याकाळी दिवे लागले आणि कसलाच आवाज आला नाही. झांजवाला घाबरून म्हणाला, "बंद पडली काय?"

पहिल्या वरातीहून मास्तर आले ते कोड्यात पडलेले. "लई अवघड झालं. इतकी वर्षं त्या घरघरीत झाकून गेलं. आता माझंच वाजवणं मला ऐकू येऊ राहिलं. लई चुका करतो मी."

ते महिने चांगले गेले. पण हातगाडी एकटी काय करणार? आपला दिवा स्वच्छ, आणि मागे साऱ्या शहराची इंजिनं चालू. त्यात लोकांना ट्रकवरचा डीजे हवा झाला. छाती हादरवणारा, आपल्या जनरेटरचा धूर आपल्याच पाहुण्यांवर सोडणारा. बॅटरीही यंत्र आणि डीजेही यंत्रच. यंत्र कुणाच्या बाजूने उभं राहणार, हे ते विकत घेणारा ठरवतो. मास्तरांकडे येणारी लग्नं कमी होत गेली.

एका वर्षी तर हवा इतकी निर्मळ झाली की आमच्या गच्चीवरून डोंगराच्या घड्या मोजता याव्यात. तुम्हाला आठवत असेल ते वर्ष. सगळे घरात कोंडलेले, रस्ते रिकामे. मास्तर दुकानाच्या पायरीवर बसून आभाळाकडे बघायचे. "आता हवा हाय, तर वरात नाय," म्हणायचे. एका दुपारी त्यांना राहवलं नाही. त्यांनी क्लॅरिनेट काढलं, त्याच्या तोंडाकडची वेताची पत्ती जिभेने ओली केली आणि रिकाम्या गल्लीत तो सूर धरला. खिडक्या एकेक करून उघडल्या. कोपऱ्यावरचा पोलीस काठी घेऊन आला, "मास्तर, आत व्हा," म्हणाला आणि सूर संपेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग त्याने परत तेच सांगितलं, जरा हळू.

त्यानंतर गाड्या परत आल्या. आधीपेक्षा जास्त आल्या, कारण गर्दीच्या रिक्षात बसायला लोक भ्यायला लागले होते. आणि पुढच्या लग्नसराईत मास्तरांचा सूर तुटला.

मी तिथे होते. वरात आमच्याच ओळखीच्या घरची होती. मांडवाचं दार रस्त्यालाच, पुढे कडुनिंब नाही, मागे जागा नाही. मास्तरांनी नाक वर केलं आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं. सूर धरला. तो साड्यांपर्यंत पोचला आणि दोरी तुटल्यासारखा मध्येच गेला. नेमके मागे हॉर्न चालू होते. कुणाला काही कळलं नाही. ढोलवाल्याने पटकन ठेका धरला. मास्तर खाली केलेल्या क्लॅरिनेटकडे बघत राहिले, दगा दिला तो त्या वाद्यानेच दिला असावा तसे.

मास्तरांना डॉक्टरांकडे अश्विनी आणि मी दोघी घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीला नळी लावली, फुंकायला लावलं, परत लावलं.

"काका, धूर सोडावा लागेल."

"मी बिडीला हात लावला नाय कधी."

"बिडी नाही. रस्ता सोडा."

मास्तरांनी शर्टाची बटणं लावली. परतताना रिक्षात ते एकच बोलले. "पोरीच्या लग्नात वाजवायचंय मला. मग खुशाल सोडतो."

अश्विनीचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा तिच्याच कारखान्यातला, घरचे चिकलठाण्याचे, माणसं चांगली. पण बैठकीत ही गोष्ट निघाली तेव्हा मुलाच्या मामांनी सुपारी कातरता कातरता टोला हाणला.

"व्याही, त्या दिवशी तरी बँडला सुट्टी द्या. मुलीचा बाप वाजवतो व्हय कुठं? लोक म्हणतील, वाजंत्र्यांचे पैसे वाचवले."

सगळे हसले. मास्तरही हसले.

"मामा, पाय धुवायचे तेव्हा धुतो. हात जोडायचे तेव्हा जोडतो. पण पाठवणीला मुलीचा बाप रडतो. मला चारचौघांत रडता येत नाय. मी वाजवतो."

मामांनी अडकित्ता खाली ठेवला.

आता प्रश्न उरला तो जागेचा. तुम्ही लग्नाचं कार्यालय शोधताना जेवणाचा हॉल बघता, पार्किंग बघता. आम्ही हवा शोधत हिंडलो. माझ्या स्कूटरवर मागे मास्तर, आणि प्रत्येक कार्यालयाच्या दारात उतरून मान वर. व्यवस्थापक स्टेज दाखवायला बाहेर यायचे आणि हे म्हणायचे, "जरा थांबा, हुंगू द्या." एकाने विचारलं, काका पोलीस खात्यातले आहेत का.

शेवटी हर्सूलच्या पुढे एक कार्यालय मिळालं. मागे थोडी झाडी, तळ्याकडून वारा. मास्तर तिथे बराच वेळ उभे राहिले. "इथं," म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द एकटा निघालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पण हवेचा अंदाज करताना आम्ही दोघांनी एक चूक केली. आम्ही गेलो होतो तो दिवस मधला वार होता. लग्न सुट्टीच्या दिवशी होतं. कार्यालयासमोरून जळगाव रोड जातो, आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी अजिंठ्याहून परतणारं सगळं जग त्याच रस्त्याने शहरात शिरतं.

पाठवणीची गाडी फुलांनी मढवून दारात आणली तेव्हा अर्धा रस्ता अडला. बायका अश्विनीला मिठ्या मारत होत्या आणि मागे गाड्या साठत होत्या. पर्यटकांची बस, तिच्यामागे मोटारी, ट्रक, मधल्या फटींत दुचाकी. सगळी इंजिनं घरघरत होती. तळ्याकडचा वारा पडला होता. मी मास्तरांकडे बघितलं. फेटा, पांढरा शर्ट, हातात क्लॅरिनेट. त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता म्हणतील पुढं. पण पुढे जाणार कुठे? लेक इथूनच निघणार होती.

त्यांनी छाती भरायला घेतली आणि खोकल्याची उबळ आली. पाठ वाकेपर्यंत आली. मामा पुढे झाले. "व्याही, राहू द्या. कशाला जिवावर बेततं."

मास्तर ताठ झाले. क्लॅरिनेट बगलेत मारलं आणि लेकीकडे न जाता सरळ बसकडे चालायला लागले. बसच्या खिडकीखाली उभं राहून त्यांनी हात वर केला आणि दोन बोटांनी हवेतली चावी फिरवली.

ड्रायव्हरने खाली बघितलं. "क्या हुआ, चचा?"

"इंजन बंद करो जरा."

"एसी बंद होता ना फिर. अंदर के लोगां चिल्लाते."

"मेरी बेटी जा रही. मेरे को बजाने का है. दम नाय पुरत, बाबा." हिंदी सुरू करून मास्तर नेहमीसारखे मराठीत येऊन पडले.

ड्रायव्हरने फेटा बघितला, क्लॅरिनेट बघितलं, दारात उभी असलेली नवरी बघितली. "हौ, बजाओ," म्हणाला आणि चावी फिरवली. बस एकदा थरथरली आणि गप्प झाली.

मास्तर मागच्या मोटारीकडे वळले. तेवढ्यात अश्विनी शालू सावरत दुसऱ्या बाजूने निघाली. हातभर बांगड्या, कपाळाला मुंडावळ्या, आणि ती ट्रकच्या दारावर टकटक करते आहे. नवरदेव बिचारा तिच्यामागे. मग मी गेले, झांजवाला गेला, ढोलवाला गेला. मामासुद्धा एका दुचाकीवाल्याला समजावताना दिसले, "अरे, मुलीचा बाप हाय तो. बंद कर." काहींनी शिव्या दिल्या. एकाने हॉर्न धरून ठेवला, तर बसच्या ड्रायव्हरने खाली उतरून त्याला दम भरला. एकेक घरघर कमी होत गेली. एका गाडीकडून मागच्या गाडीकडे निरोप जात राहिला, आणि जिथवर नजर पोचत होती तिथवर रस्ता थंड झाला.

मला आयुष्यात तो रस्ता कधी ऐकू आला नव्हता. झाडीत साळुंक्या भांडत होत्या. बसमधलं एक मूल काहीतरी मागत होतं. कार्यालयातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

मास्तर दारात परत आले. थोडे थांबले. धूर बसायला वेळ लागतो. कुणी घाई केली नाही. मग त्यांनी श्वास घेतला. सावकाश, काठोकाठ. आणि तो सूर धरला.

पूर्वीइतका लांब नव्हता, हे मी सांगते. मध्यावर तो हलला. मास्तरांनी खांदा वर उचलून त्याला टेकू दिला, डोळे मिटले, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. अश्विनीने गाडीच्या दाराला धरलं होतं आणि तिची छाती वर जाऊन तिथेच थांबली होती. सूर तुटला नाही. तो जिथे संपायचा होता तिथे संपला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अश्विनी गाडीत बसली. बऱ्याच वेळाने बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून हळूच विचारलं, "चचा, चालू करूं?"

मास्तरांनी मान हलवली.

त्यानंतर ते गावी गेले. फर्दापूरच्या अलीकडे भावाचा मळा आहे, तिथे राहतात. खोकला कमी आहे. भावकीने आता नळी धरणाऱ्याला बाजेवर मानाने बसवलंय, असं ते सांगतात. त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली आहेत. भिंतीपलीकडून आता कसलाच सराव येत नाही. बाबा मशीन बंद करून कधी कधी उगाच थोडा वेळ बसून राहतात.

मास्तरांचा फोन येतो. आधी बाबांची चौकशी, मग पत्रकांची. तिथे वाजवत नाहीत का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "इथं हवा लई हाय. पण ऐकायला कोण? माझं ऐकणारं सगळं तिकडंच राहिलं." मग म्हणाले, "खिडकीत धर बरं फोन."

तेव्हापासून दर फोनला मी छापखान्याची खिडकी उघडते आणि फोन रस्त्याकडे धरते. ते ऐकत असतात. गल्लीच्या तोंडाशी चौकातला सिग्नल लाल असतो. सगळ्या गाड्या उभ्या असतात आणि सगळी इंजिनं चालू असतात. मी फोन परत कानाला लावते.

"अजून नाय," ते म्हणतात आणि ठेवतात.

तर माझं हे पत्रक, तुमच्या नावाने. मोर्चाला चला असं म्हणत नाही. बस वाढवा, कचरा जाळू नका, रस्त्यावरची माती झाका, हे मी दुसरीकडे छापून वाटतेच आहे, तेही वाचा. इथे एकच मागते. सिग्नलला, फाटकाला, कुणाच्या वरातीमागे गाडी उभी राहिली की इंजिन बंद करा. मग खाली उतरा, मागच्या गाडीच्या काचेवर टकटक करा आणि त्यालाही बंद करायला सांगा. त्याने का म्हणून विचारलं, तर सांगा की आमच्या शहरातला एक माणूस परत यायचा आहे आणि तो फोनवर ऐकतो आहे.